धनू राशीच्या धुळीआडचे ग्रह

जळगाव किंवा धुळे येथून जूनमधील मध्यरात्री दक्षिणेकडे पाहिल्यास क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवर धनू रास दिसते. (खानदेशात तोवर ढग दाटू लागतात, म्हणून मे महिन्यातील उत्तररात्र अधिक भरवशाची.) आपल्या आकाशगंगेचे केंद्र याच दिशेला, सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे, मात्र मधल्या धुळीमुळे ते कोणत्याही दृश्यप्रकाशी दुर्बिणीला दिसत नाही.

दूरचे ग्रह शोधण्याची एक पद्धत नेमकी याच दिशेवर अवलंबून आहे. एखादा तारा दुसऱ्या, अधिक दूरच्या ताऱ्याच्या जवळजवळ समोरून सरकतो, तेव्हा त्याच्या गुरुत्वाकर्षणामुळे मागच्या ताऱ्याचे किरण वळतात आणि तो काही आठवडे उजळ भासतो. यालाच सूक्ष्म गुरुत्वीय भिंग म्हणतात. पुढच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्यास प्रकाशाच्या आलेखावर आणखी एक छोटा उंचवटा उमटू शकतो. गुरूएवढ्या ग्रहाचा साधारण दिवसभर टिकतो, पृथ्वीएवढ्याचा अवघे काही तास. ग्रह स्वतः दिसत नाहीच, आणि तोच योग पुन्हा जुळून येण्याची आशाही नसते. आइन्स्टाइन यांनी १९३६ मध्ये हे गणित मांडले, तेव्हा अशी घटना प्रत्यक्ष पाहायला मिळेल असे त्यांना वाटत नव्हते, आणि ते स्वाभाविकच होते, कारण केंद्राच्या दिशेलासुद्धा कोणत्याही क्षणी दहा लाखांत एखादाच तारा असा उजळलेला असतो. कोट्यवधी ताऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवणे शक्य झाल्यावरच, २००४ मध्ये, या पद्धतीने सापडलेला पहिला ग्रह जाहीर झाला.

अडचण अशी की, जिथे तारे सर्वाधिक दाट, तिथेच वाटेत धूळही सर्वाधिक. मे महिन्यात भुसावळकडे धुळीने भरलेल्या हवेतून मावळता सूर्य तांबडा दिसतो, कारण निळा प्रकाश अधिक विखुरतो. अंतराळातील धूळही असाच भेद करते. केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा सुमारे एक लाख कोटीवा अंश आपल्यापर्यंत पोहोचतो, तर २.२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशाचा जवळपास दहावा. हवाई बेटावरील ३.८ मीटर व्यासाच्या युकर्ट दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात आकाशाच्या याच दिशेची पाहणी केली आणि केंद्राजवळच्या धूळग्रस्त भागातील एका ग्रहाचा शोध २०१८ मध्ये जाहीर झाला.

तथापि, जमिनीवरून हे काम जिकिरीचे आहे, कारण हवेतील बाष्प अवरक्त प्रकाश शोषते आणि आकाश स्वतःही त्या प्रकाशात चमकते. नासाच्या रोमन अवकाश दुर्बिणीची योजना त्यामुळेच महत्त्वाची ठरते. तिच्या प्रक्षेपणासाठी मे २०२७ पर्यंतची मुदत ठरली होती. २.४ मीटर आरशाची ही दुर्बीण केंद्राच्या दिशेचे तेच तारे सुमारे दर १२ मिनिटांनी टिपणार असून, या पाहणीतून सुमारे १,४०० ग्रह हाती लागतील, असा अंदाज आहे. माझ्या मते या आकड्यापेक्षा मोलाची गोष्ट वेगळी आहे: काही वर्षांत पुढचा आणि मागचा तारा एकमेकांपासून दूर सरकतात, आणि इतक्या तीक्ष्ण चित्रांत त्यांचा प्रकाश वेगळा करता आला, तर ताऱ्याचे आणि त्यावरून ग्रहाचे वस्तुमान थेट काढता येते.