‘घोटी’चा मासा शॉसाहेबांचा नव्हे

इंग्रजी स्पेलिंगची टिंगल करणारा विनोद जुनाच: लिहा ‘जी-एच-ओ-टी-आय’, वाचा ‘फिश’! ‘इनफ’मधल्या जीएचचा फ, ‘विमेन’मधल्या ओचा इ, ‘नेशन’मधल्या टीआयचा श. (इगतपुरीजवळच्या घोटीकरांनी मनावर घेऊ नये.) श्रेय मात्र हमखास जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या खात्यावर जमा होतं. साफ चूक. लंडनचे प्रकाशक चार्ल्स ऑलियर यांनी डिसेंबर १८५५ मध्ये इंग्रज लेखक ली हंट यांना लिहिलेल्या पत्रात ही करामत आपल्या विल्यम या मुलाची म्हणून सांगितली आहे. शॉ जन्मले जुलै १८५६ मध्ये! स्पेलिंगच्या नावाने ते आयुष्यभर खडे फोडत राहिले, मृत्युपत्रात नव्या लिपीसाठी पैसेही ठेवले. म्हणून बहुधा हे बिल त्यांच्या नावावर फाटलं. शिवाय शब्दाच्या सुरुवातीला जीएचचा ‘फ’ होतच नाही. ‘घोस्ट’ला ‘फोस्ट’ म्हणून बघा.