मोटर घेण्याआधी डायल लावा : मॅन्युअल मिलिंगचं घरी सीएनसी करणाऱ्यांसाठी

"सर्कल मारलं की अंडाकृती येतंय. तुमची मोटर स्टेप सोडतेय (सांगितलेली काही पावलं चुकवतेय), बदलून द्या." असा फोन आम्हाला आठवड्यातून एकदा तरी येतो. आम्ही विचारतो, "डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून प्ले, म्हणजे स्क्रू-नटमधली ढिलाई, बघितली होती का?" उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. मोटर परत येते, आम्ही ती बेंचवर चालवतो, ती ठणठणीत निघते. यात तुमचे आणि आमचे मिळून पंधरा दिवस जातात. म्हणून आता मोटर-स्क्रूच्या सीएनसी सेटच्या प्रत्येक कोटेशनबरोबर हे पत्रक देतो.

टेबल, सॅडल, डोव्हटेल, जिब म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे आणि मशीन तुम्ही हाताने चालवलं आहे, असं धरून लिहितोय.

हाताने काम करताना बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना लागणारा हा प्ले, तुम्ही नकळत सांभाळत असता. माप पुढे गेलं तर हँडल अर्धा फेरा मागे घेता आणि पुन्हा त्याच बाजूने येता. कंट्रोलरला ही सवय नाही, तो फक्त मोटरला पाठवलेल्या पल्स मोजतो. ५ मि.मी. पिचचा (फेऱ्याला ५ मि.मी. सरकवणारा) स्क्रू, फेऱ्याला २०० स्टेपची मोटर आणि ड्रायव्हर १० मायक्रोस्टेपवर (एका स्टेपचे दहा भाग), म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स. एक पल्स अडीच मायक्रॉनची. कागदावर फार छान दिसतं. पण नटमध्ये पाव मिलिमीटर प्ले असेल, तर दिशा बदलताना पहिल्या १०० पल्स नुसता स्क्रू फिरवण्यात जातात आणि टेबल जागचं हलत नाही. सर्कलमध्ये प्रत्येक अक्ष दोनदा उलटतो, म्हणून चार ठिकाणी पायरी दिसते. मोटर बदलून ती जाणार नाही. "क्लोज्ड लूप (फिरणं मोजणारा एन्कोडर असलेली मोटर) घेतो" म्हणणाऱ्यांनाही हेच सांगतो. एन्कोडर मोटरच्या मागे असतो, त्याला मोटर दिसते, टेबल दिसत नाही.

तीन रीडिंग

०.०१ मि.मी.ची डायल आणि मॅग्नेटिक स्टँड एवढंच लागतं. एक्स अक्षाचं सांगतो, वायलाही तसंच.

पहिलं रीडिंग एकूण बॅकलॅशचं. सॅडल लॉक करा, स्टँड कॉलमला लावा, टेबलावर घट्ट बांधलेल्या ठोकळ्याला एक्सच्या दिशेने डायल टेकवा. हँडल एका दिशेने फिरवत डायल अर्धा मिलिमीटर चढू द्या. हँडलवरच्या रिंगचा आकडा लिहा. आता उलटं फिरवा आणि डायल हलायला लागेपर्यंत रिंग किती फिरली ते लिहा.

दुसरं रीडिंग जवळजवळ कुणीच घेत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटर होल असतं. त्यात ग्रीस लावून बेअरिंगमधली एक गोळी बसवा आणि डायलचं चपटं टोक तिच्यावर टेकवा. स्टँड मात्र ज्या भागात स्क्रूचं बेअरिंग आहे त्याच भागावर हवा, म्हणजे एक्सला टेबलावर आणि वायला बेडवर. हँडल पक्कं धरून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला टेबल पुढे-मागे दाबायला सांगा. डायल हलली तर स्क्रू स्वतःच पुढे-मागे सरकतोय. हा प्ले नटचा नाही, बेअरिंगचा आहे.

एका ग्राहकाने आमच्याकडून १६०५ चा (१६ मि.मी. व्यास, ५ मि.मी. पिच) बॉल स्क्रू, म्हणजे नटमध्ये गोळ्या असलेला स्क्रू, नेला आणि जुन्याच बुशमध्ये (साध्या बेअरिंगमध्ये) बसवला. बॅकलॅश ०.३० होता, तो ०.१८ वर आला आणि तिथेच अडकला. महिनाभर आमचा नट खराब म्हणून बोलणं चाललं होतं. शेवटी मशीनच पाहायला गेलो. गोळी लावली, दाबलं आणि सगळे ०.१८ बुशमध्येच सापडले. अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी बसवून बेअरिंगचा नट आवळल्यावर डायल गप्प झाली. तेव्हापासून स्क्रूबरोबर बेअरिंग ब्लॉक घेतल्याशिवाय आम्ही सेट देत नाही. यात आमची विक्री वाढते हे खरं, पण नुसता स्क्रू देऊन तुम्हाला नाराज करण्यापेक्षा हे बरं.

तिसरं रीडिंग जिबचं. टेबलाच्या एका टोकाला समोरून डायल लावा आणि ते टोक हाताने आत-बाहेर दाबा. टेबल पंख्यासारखं फिरत असेल तर आधी जिब आवळा. टेबलाच्या मध्यावर जिब नीट बसते आणि टोकांना टेबल जाम होतं, असं असेल तर डोव्हटेल मधोमध झिजली आहे. तिथे स्क्रॅपिंगच (पृष्ठभाग खरवडून सरळ करणं) लागतं. तेही आमच्याकडे करून मिळतं, पण वेळ लागतो.

"सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पेन्सेशन टाकतो की"

दिशा बदलताना बॅकलॅशएवढ्या जादा पल्स द्यायची ही सोय लिनक्ससीएनसी आणि मॅक३ या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये आहे, जीआरबीएलमध्ये नाही. पण जुना स्क्रू मधल्या भागात जास्त झिजलेला असतो. मध्ये ०.२५ आणि टोकाला ०.०८ असेल तर कोणता आकडा टाकणार? शिवाय कॉम्पेन्सेशन दिले तरी टेबल मोकळंच राहतं. डाउन मिलिंगमध्ये कटर टेबल स्वतःकडे ओढतो, तेवढ्या फटीत टेबल उडी मारतं आणि टूल तुटतं. दोन-तीन शतांश उरले असतील तर कॉम्पेन्सेशन जरूर वापरा. त्यावर मशीन उभं करू नका.

मोटर खरंच स्टेप सोडतेय का, हे बघायची रीत वेगळी आहे. टेबल १०० मि.मी. पुढे-मागे वीस वेळा चालवा आणि दरवेळी त्याच बाजूने येऊन डायल वाचा. फरक वाढत गेला तर आम्हाला लगेच फोन करा. पण आधी कपलिंगचा ग्रब स्क्रू तपासा, कारण तो सुटला तरी असंच दिसतं. फक्त उलट बाजूने आल्यावर फरक पडतो आणि तो तेवढाच राहतो, तर तो बॅकलॅश.

आमच्या दोन अटींबद्दल

फोटोवरून आम्ही स्क्रूची टोकं टर्न करत नाही. मशीन उघडून, जुना स्क्रू बाहेर काढून घेतलेली मापं लागतात. एकाच मॉडेलच्या दोन मशीनमध्ये नटच्या जागेचा फरक आम्ही पाहिला आहे. आणि तीन रीडिंग आल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. काही जण रागावतात, पण रीडिंग बघून आम्ही बऱ्याच जणांना सांगितलं आहे की तुमचं गनमेटल नट नुसतं आवळा, सध्या स्क्रू बदलू नका.

महागडा ग्राउंड (ग्राइंडिंग केलेला) स्क्रूही आम्ही गळ्यात मारत नाही. सी७ ग्रेडच्या रोल्ड स्क्रूत ३०० मि.मी.ला ५० मायक्रॉनपर्यंत चूक असू शकते. छोट्या मशीनला ते पुरतं.

जुन्या मशीनवर कंट्रोल चढवणं कमी प्रतीचं काम आहे असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ मध्ये जे पहिलं न्यूमेरिकल कंट्रोल मिलिंग दाखवलं, तेही सिनसिनाटी कंपनीच्या तयार हायड्रो-टेल मशीनवर कंट्रोल चढवूनच.

सेट हातात आल्यावर

बॉल नट स्क्रूवरून काढू नका. "आत कसं असतं बघू" म्हणून काढला की गोळ्या जमिनीवर. गोळ्या पुन्हा भरून देतो, पण त्याचे पैसे वेगळे.

ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू किंवा लावू नका. ड्रायव्हर जळतो आणि त्याला वॉरंटी नाही.

झेडला बॉल स्क्रू लावत असाल तर हे नक्की वाचा. जुना ट्रॅपेझॉइडल स्क्रू हेडचं वजन स्वतः धरून ठेवायचा, बॉल स्क्रू धरत नाही. लाइट गेली की हेड खाली येतं. खाली जॉब असेल, हातही असू शकतो. ब्रेकची मोटर घ्या, नाहीतर काउंटरवेट किंवा गॅस स्प्रिंग लावा. झेडच्या ऑर्डरला यांतलं काय लावणार हे आम्ही विचारतोच.

चौकशी करताना मशीनचा फोटो, टेबलाची चाल आणि प्रत्येक अक्षाची तीन रीडिंग पाठवा. रीडिंग मध्यावरची आणि दोन्ही टोकांची वेगवेगळी लिहा. डायल नसेल तर आमची दोन दिवसांसाठी घेऊन जा. डिपॉझिट ठेवतो, भाडं घेत नाही. शनिवारी दुपारी शेडमध्ये कन्व्हर्ट केलेलं मशीन चालू असतं. येताना तुमचा ॲल्युमिनियमचा तुकडा आणा, त्यावर सर्कल मारून देतो.