पिस्टन थांबतो तेव्हा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक निळी यामाहा आर१५ उभी असते. मालक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. याच घराण्यातली मोठी, शर्यती धाटणीची गाडी म्हणजे आर१. परवा टाकी पुसता पुसता तो मला म्हणाला, "काका, ही आर१च आहे. फक्त छोटी केलीय." असं तो एकटाच म्हणत नाही. जाहिराती तेच सुचवतात, गाडीचं नाक-डोळे तेच सांगतात. पण हे बरंचसं चूक आहे, आणि ते का चूक आहे हे सांगायचा मोह मला आवरत नाही.

आधी आकडे उरकून घेऊ. (सीसी म्हणजे इंजिनाचं आकारमान, पीएस म्हणजे अश्वशक्ती.) आर१५ म्हणजे १५५ सीसी, एक सिलिंडर, १८.४ पीएस. आर३ म्हणजे ३२१ सीसी, दोन सिलिंडर, ४२ पीएस. आर७ पुन्हा दोनच सिलिंडरची, पण ६८९ सीसी आणि साधारण ७३ पीएस. शेवटी आर१: ९९८ सीसी, चार सिलिंडर, २०० पीएस. मधे आर६ आणि अलीकडची आर९ आहेत, त्यातल्या आर९कडे नंतर वळतो. वजन मात्र या शिडीवर फारसं चढत नाही. आर१५ साधारण १४० किलोची, आर१ साधारण २०० किलोची. ताकद जवळपास अकरा पट आणि वजन दीडपटसुद्धा नाही.

मग वेगही अकरा पट का नाही? कारण समोर वारा आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला सारायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. अकराचं घनमूळ काढा, २.२ येतं. म्हणजे अकरा पट घोडे जुंपून वेग मिळतो जेमतेम सव्वादोन पट.

आता जरा आत डोकावू. सिलिंडर म्हणजे पोकळ नळकांडं, त्यात वरखाली होणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन. आर१५च्या पिस्टनचा व्यास ५८ मिमी आणि तो वरखाली धावतो ५८.७ मिमी. आर१च्या प्रत्येक पिस्टनचा व्यास ७९ मिमी, पण धाव फक्त ५०.९ मिमी. मोठ्या गाडीचा पिस्टन छोट्या गाडीच्या पिस्टनपेक्षा कमी अंतर पळतो! आर१५चं सिलिंडर उभ्या डब्यासारखं आहे, आर१चं पसरट पातेल्यासारखं. कमी धाव म्हणजे जास्त फेरे मारता येतात. म्हणून आर१५ आपली पूर्ण ताकद १०,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) देते आणि आर१ १३,५०० ला. पातेलं लहान करून डबा होत नाही. त्यामुळे "छोटी आर१" हा दावा इथेच अर्धा निकाली निघतो.

उरलेला अर्धा जास्त मजेशीर आहे.

त्या मुलाची गाडी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला गॅरेजमध्ये होती, तेव्हा मीही गेलो. मिस्त्रीने प्लग काढला होता. मी शेजारच्या टपरीवरून कोल्ड्रिंकचा स्ट्रॉ आणला आणि प्लगच्या भोकात उभा धरला. मिस्त्री मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला फिरता दांडा, हळूहळू फिरवत होता. स्ट्रॉ आधी सरसर वर आला, मग मंदावला, मग पाना फिरतोय तरी स्ट्रॉ हलेना. आणि मग खाली जायला लागला. मिस्त्रीला यात नवल नव्हतं, तो रोज याच जागेवर टॅपेट तपासतो. मुलगा मात्र बघत राहिला. पिस्टन थांबतो, हे त्याने कधी मनातच आणलं नव्हतं.

पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो, एकदा वरच्या टोकाला आणि एकदा खालच्या. मधल्या वाटेवर तो सर्वांत जोरात असतो. १०,००० आरपीएमला आर१५चा पिस्टन मधोमध ताशी ११० किलोमीटरच्या आसपास धावत असतो, आणि तिथून शून्यावर यायला त्याला मिळतात साधारण दीड मिलिसेकंद. वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे चार हजार पट असतं. म्हणजे शंभर ग्रॅमचा तुकडा त्या क्षणी क्रँकला चारशे किलोचा होऊन ओढतो. आर१मध्ये हा आकडा सहा हजार पटींच्या पुढे जातो.

आता हिशेब उसनवारीचा. थांबलेल्या पिस्टनला वेग द्यायला ऊर्जा लागते. ती देतो क्रँक. पिस्टन थांबायला लागला की तो ही ऊर्जा क्रँकला परत करतो. एका फेऱ्यात दोनदा उसनं घ्यायचं, दोनदा फेडायचं. पेट्रोलचा स्फोट होवो न होवो, ही देवघेव चालूच. तिच्यामुळे क्रँकला जे झटके बसतात त्यांना जडत्वाचा टॉर्क (फिरवणारा जोर) म्हणतात. तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. गावातल्या वेगात तो नगण्य असतो, पण शर्यतीच्या आरपीएमला स्फोटातून मिळणाऱ्या टॉर्कलाही मागे टाकू शकतो.

आर३मध्ये दोन पिस्टन आहेत, एक वर तर दुसरा खाली. उखळात दोघीजणी आळीपाळीने मुसळ घालतात तसे. वजनाचा तोल छान साधतो. पण नीट बघा: एकीचं मुसळ वर थांबतं त्याच क्षणी दुसरीचं तळाशी टेकलेलं असतं. दोन्ही एकदम थांबतात, दोन्ही एकदम पळतात. म्हणजे दोन उधारखोर एकाच तारखेला दारात उभे! नेहमीच्या चार सिलिंडरच्या इंजिनातही तेच, दोन वर आणि दोन खाली. आर६ याच जातीची.

आणि आता माझा लाडका भाग. दोन झोपाळे डोळ्यांसमोर आणा. एक टोकाला जाऊन क्षणभर थांबलाय, तेव्हा दुसरा मधोमध पूर्ण वेगात आहे. एकाने सोडलेली ऊर्जा नेमकी तेव्हाच दुसऱ्याला हवी असते. क्रँकवर असं करायचं तर दोन पिस्टन क्रँकला जिथे जोडलेले असतात त्या खुंट्या एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या. क्रँक फिरल्याचा कोन थीटा धरला तर पिस्टनचा वेग साधारणपणे साइन थीटाच्या प्रमाणात असतो, म्हणून त्याची गतिज ऊर्जा साइन वर्ग थीटाच्या प्रमाणात. काटकोनातल्या जोडीदाराची कॉस वर्ग थीटाच्या. आणि दोन्हींची बेरीज? दहावीच्या भूमितीत जी आपण शंभर वेळा घोकली, तीच: एक. कायम एक. थीटा काहीही असो. दोघे आपसात देवघेव करतात आणि क्रँकच्या खिशाला हातच लावत नाहीत. "त्रिकोणमितीचा पुढे उपयोग काय" असं विचारणाऱ्यांना मी हे उत्तर फार वर्षं जपून ठेवलंय.

आर७चे दोन पिस्टन असेच काटकोनात आहेत. आर१च्या चार पिस्टनच्या खुंट्या क्रँककडे टोकाकडून पाहिलं तर अधिक चिन्हासारख्या चार दिशांना. म्हणून त्याला क्रॉसप्लेन क्रँक म्हणतात. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतमालिकेतल्या यामाहाच्या एम१ या गाडीत तो २००४ साली आला. अभियंते मासाओ फुरुसावा यांच्या नेतृत्वाखाली ते काम झालं, आणि चालक व्हॅलेंतिनो रॉस्सीने त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या वेल्कमची पहिलीच शर्यत आणि पुढे विश्वविजेतेपदही त्याच गाडीवर जिंकलं. रस्त्यावरच्या आर१मध्ये तो २००९ मध्ये आला. फायदा ताकदीचा नाही, स्पर्शाचा आहे. वळणातून बाहेर पडताना मागचं टायर घसरण्याच्या कडेवर असतं. तेव्हा चालकाच्या मनगटाला फक्त स्फोटाचा टॉर्क कळायला हवा, उसनवारीचा गोंगाट नको.

यात दोन 'पण' आहेत. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा कनेक्टिंग रॉड अनंत लांबीचा नसल्यामुळे पिस्टनचा वेग निव्वळ साइन नसतो, त्यात दुप्पट कोनाचा अंशही मिसळलेला असतो, म्हणून बेरीज अगदी तंतोतंत एक येत नाही. शिवाय चार खुंट्या अशा विखुरल्या की क्रँक दोन्ही टोकांनी डुलायला लागतो. त्यासाठी उलट्या दिशेने फिरून तोल साधणारा बॅलन्सर शाफ्ट लागतो, म्हणजे आलं वजन. आर९च्या तीन सिलिंडरांना तर काटकोनाचीही गरज नाही. १२०-१२० अंशांवरच्या तीन साइन वर्गांची बेरीजही स्थिरच असते, दीड. वहीवर करून बघा. इथे काही वाचक गळाले असतील, त्यांनी खालच्या परिच्छेदापासून पुन्हा गाडीवर बसावं.

आवाज. खुंट्यांची मांडणी बदलली की स्फोटांचं वेळापत्रकही बदलतं. साध्या चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांनी एक स्फोट, म्हणून सरळ किंचाळी. आर१मध्ये २७०, १८०, ९०, १८० असा लंगडा ताल, म्हणून तो घोगरा गुरगुराट. आर१५मध्ये दोन फेऱ्यांत एकच स्फोट. हजारो रुपयांचा सायलेन्सर लावून तिचा आवाज मोठा होईल, आर१चा होणार नाही; जे स्फोट होतच नाहीत ते सायलेन्सर आणणार कुठून? पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात तेव्हा मला भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडं बरं वाटतं. याच गाड्यांच्या हँडलला लिंबू-मिरची असते, नवी घेताना चाकाखाली लिंबूही चिरडलेलं असतं, आणि हेल्मेट मात्र आरशाला टांगलेलं.

हे सगळं गॅरेजमध्येच बोलून झालं तेव्हा मुलाने नेमका प्रश्न विचारला. "माझ्या पिस्टनला तर जोडीदारच नाही. मग त्याची उधारी कोण भागवतं?"

मिस्त्रीने पान्याने मॅग्नेटच्या कव्हरवर टकटक केलं. "ह्याच्या आत जड वाटी फिरते. ती देते, तीच परत घेते." मग तो मागे गेला, चाक दोन्ही हातांनी धरून पुढेमागे हलवलं आणि कान लावला. "आणि उरलेला झटका इथे हबमध्ये जिरतो. ड्रम रबर सैल झालेत तुझे. बदलून टाकू का आजच?"