मोटारीच्या रंगावरील टवके आणि त्यांची घरगुती दुरुस्ती

मोटारीच्या रंगावरील टवके : धावत्या मोटारीवर खडी, कच किंवा बारीक दगड आपटून रंगाचा कपचा उडतो आणि तेवढ्या जागी खळगा पडतो, त्याला टवका म्हणतात. आकाराने तो सहसा मोहरीपासून तुरीच्या डाळीएवढा असतो. गॅरेजात पूर्ण बॉनेट किंवा दार रंगवून न घेता तेवढाच खळगा साफ करून त्यात प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर), रंग आणि क्लिअर कोट (सर्वांत वरचा पारदर्शक थर) भरणे ही त्याची घरगुती दुरुस्ती. पत्र्यापर्यंत पाणी पोचू न देणे हा या कामाचा पहिला हेतू आहे, डाग दिसेनासा करणे हा त्यानंतरचा. हा क्रम उलटा धरल्यामुळेच बहुतेक दुरुस्त्या बिघडतात.

टवके कोठे आणि का पडतात

बॉनेटची पुढची कड, पुढचा बंपर, बाहेरच्या आरशांची पाठ, समोरच्या काचेवरची छपराची कड आणि पुढच्या चाकांमागचा, दारांखालचा पट्टा या जागा सर्वांत आधी मार खातात. दारांखालचे टवके बहुधा दुसऱ्या गाडीमुळे पडत नाहीत. आपल्याच चाकांनी उडवलेली खडी तेथे बसते, म्हणून मडफ्लॅप लावले की ते बरेच कमी होतात. बंपर प्लॅस्टिकचा असल्याने त्याला गंजाची भीती नाही. बॉनेट, छप्पर आणि दारे मात्र बहुतेक गाड्यांत पोलादी पत्र्याची असतात व खरी काळजी तेथेच घ्यावी लागते. काही महागड्या गाड्यांचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असते. त्यावर तांबूस गंज चढत नाही, पण उघड्या जागी पांढरी भुकटी धरते व रंग कडेने सुटू लागतो.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे आणि रस्त्यांची खडीही त्याच दगडाची. नदीतला गोटा गुळगुळीत असतो. क्रशरमधून निघालेली ही खडी कठीण असून तिच्या कडा धारदार असतात. पावसाळ्यात डांबर सुटून खड्डे पडतात, ते बुजवायला टाकलेली खडी वाहनांच्या चाकांनी रस्ताभर पसरते. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण दशकाहून अधिक काळ चालले. त्या वाटेने गणपतीला किंवा शिमग्याला कोकणात जाणाऱ्यांच्या गाड्यांचे बॉनेट पाहिले की हा प्रवास त्यावर उमटलेला दिसतो. त्यात किनाऱ्याची खारी हवा गंजाला चालना देते. घाटावर महिनोन्महिने तसाच राहणारा टवका मालवण-रत्नागिरीकडे फार लवकर तांबूस होतो.

दगडाच्या आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 80 किलोमीटरवरून 100 वर गेल्यास तोच दगड दीडपटीहून अधिक जोराने बसतो. त्यामुळे खडीच्या डंपरच्या मागे अंतर ठेवून चालवणे आणि ताज्या खडीवरून हळू जाणे यांच्याइतका उपयोगी उपाय कोणतेही पॉलिश देऊ शकत नाही. रंगावर चिकटवण्याची पारदर्शक पॉलियुरेथेन फिल्म, जिला बाजारात पीपीएफ म्हणतात, सुमारे 150 ते 200 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते व लहान दगडांचा मार खरोखर झेलते. सिरॅमिक कोटिंग फारच पातळ असते. त्याने पाणी घरंगळते आणि धुणे सोपे होते, पण ते दगड अडवत नाही.

रंगाचे थर

झेरॉक्सचा साधा कागद सुमारे 100 मायक्रॉन जाड असतो. मोटारीवरचा कारखान्यातला सगळा रंग त्याहून फार जाड नसतो, आणि एवढ्यात चार थर सामावलेले असतात. पत्र्यावर बहुधा जस्ताचा मुलामा व फॉस्फेटची प्रक्रिया असते. त्यावर ई-कोट बसतो. यासाठी गाडीचा पूर्ण सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून वीजप्रवाह सोडतात, त्यामुळे कानाकोपऱ्यातही सुमारे 20 मायक्रॉनचा थर धरतो. गंजाविरुद्धची मुख्य ढाल हीच. तिच्यावर खडबडीतपणा झाकणारा प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगछटेचा बेस कोट आणि सर्वांत वर 35 ते 50 मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. गाडीची चकाकी म्हणतात ती या वरच्या थराची. छटा देणारा बेस कोट त्याच्या निम्म्याहूनही कमी जाडीचा असतो.

हे थर भट्टीत तापवून पक्के केलेले असतात. ई-कोटला 170 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, वरच्या थरांना त्याहून कमी. घरी बाटलीतून लावलेला रंग केवळ थिनर उडून वाळतो, म्हणून तो कारखान्याच्या रंगाइतका कठीण कधीच होत नाही. घरगुती दुरुस्तीकडून काय अपेक्षा ठेवावी हे यातूनच ठरते. रंग दगडाचा मार किती सोसतो हे कारखानेही तपासतात. अमेरिकेतील एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे400 या चाचणीत रंगवलेल्या पट्टीवर दाबाच्या हवेने खडीचा मारा करतात आणि टवक्यांची संख्या, आकार व ते कोणत्या थरापर्यंत गेले यावरून गुण देतात.

टवका वाचणे

दुरुस्तीआधी टवका नीट धुऊन उजेडात, जमल्यास भिंगातून पाहावा. तळाशी तोच रंग दिसत असून वर केवळ पांढुरका ओरखडा असेल, तर क्लिअर कोट तेवढा दुखावला आहे. त्यावर रंग लावण्याची गरज नाही, पॉलिशने काम भागते किंवा क्लिअरचा एक थेंब पुरतो. तळ राखाडी किंवा काळपट आणि मंद असेल तर प्रायमर अथवा ई-कोट शाबूत आहे. ही स्थिती सर्वांत सुदैवाची. तळ चकाकत असेल तर पत्रा उघडा पडला आहे आणि तांबूस असेल तर गंज सुरू झाला आहे. टवक्याच्या कडेचा रंग फुगलेला दिसला तर गंज रंगाखाली सरकला असे समजावे. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो वरचा रंग उचलतो. असा फुगा वरून रंगवून बंद केला तरी आत काम चालूच राहते.

रंगाची निवड

नुसता ‘पांढरा’ किंवा ‘सिल्व्हर’ म्हणून रंग आणू नये. प्रत्येक गाडीवर रंगाचा कोड असतो. कंपनीप्रमाणे तो बॉनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडतो. उदाहरणार्थ, मारुती सुझुकीचा ‘सुपिरिअर व्हाइट’ म्हणजे 26यू, तर ‘पर्ल आर्क्टिक व्हाइट’ म्हणजे झेडएचजे. दोन्ही पांढरेच, पण पहिला साधा आणि दुसरा मोतिया चमकीचा, आणि एकाच्या जागी दुसरा लावला तर उन्हात लगेच उठून दिसतो. कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात टच-अप पेन किंवा ब्रशची बाटली मिळते. कोड सांगितल्यावर रंग मिसळून देणारी दुकानेही मोठ्या शहरांत आहेत. जुन्या गाडीचा रंग उन्हाने उतरलेला असतो, त्यामुळे कोड बरोबर असूनही छटा किंचित गडद वाटू शकते.

साध्या पांढऱ्या रंगाची दुरुस्ती सर्वांत चांगली लपते. सिल्व्हर सर्वांत अवघड. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. कारखान्यातल्या फवाऱ्यात ते पृष्ठभागाशी समांतर निजतात आणि उजेड एका दिशेने परत फेकतात. ब्रशने किंवा काडीने लावलेल्या थेंबात ते वाटेल तसे उभे-आडवे राहतात व ठिपका काळसर दिसतो. हा रंगाचा दोष नाही आणि लावणाऱ्याचाही नाही.

कृती

टवका आणि भोवतीची हातभर जागा शाम्पूच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. मेण, पॉलिश किंवा हाताचा तेलकटपणा राहिला तर नवा रंग धरत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने जागा पुसतात. येथे थिनर वापरू नये, भोवतीचा जुना किंवा पूर्वी दुरुस्त केलेला रंग त्याने मऊ पडू शकतो. मग सुईच्या टोकाने सुटे कपचे काढावेत. जे सहज निघते ते आधीच सुटलेले असते आणि त्यावर रंग भरणे व्यर्थ.

गंज असेल तर तो संपूर्ण काढणे हा या कामाचा गाभा आहे, आणि घाई नेमकी येथेच होते. पेन्सिलच्या टोकाला पॉलिश पेपरचा गोल तुकडा चिकटवून ती खळग्यात फिरवली की आजूबाजूला ओरखडे न उठता तळ घासला जातो. तळ चकचकीत पत्र्याचा दिसेपर्यंत घासावे. बारीक छिद्रांत उरलेल्या गंजासाठी रस्ट कन्व्हर्टर मिळते. त्यातील फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्ल गंजाचे स्थिर, काळपट संयुगात रूपांतर करते. हिरड्यातले टॅनिन आणि लोखंडाचा क्षार एकत्र येऊन काळी शाई होते, टॅनिक आम्लाची गंजावरची क्रियाही तशीच. कन्व्हर्टर फक्त गंजलेल्या ठिपक्याला लावावे, हातमोजे घालावेत आणि बाटलीवर सांगितलेला वेळ पाळावा.

उघड्या पत्र्यावर प्रायमरचा अगदी पातळ थर द्यावा. तळाशी ई-कोट शाबूत असेल तर त्याची गरज नाही. प्रायमर वाळल्यावर रंग. बाटलीतली गोळी खडखडेपर्यंत आणि नंतरही दोन-तीन मिनिटे ती हलवावी. बाटलीचा ब्रश या कामाला फार जाड असतो. टूथपिक किंवा उदबत्तीच्या काडीचे टोक बुडवून थेंब खळग्याच्या मध्यावर टेकवावा आणि त्याला आपोआप कडांपर्यंत पसरू द्यावे. भिंत रंगवतात तसा हात फिरवू नये. येथे खळगा भरायचा आहे, पृष्ठभाग रंगवायचा नाही. कडेबाहेर गेलेला रंग ओला असतानाच पुसून घ्यावा.

वाळताना थिनर उडून थेंब आक्रसतो आणि आज भरलेला खळगा उद्या पुन्हा खोल दिसतो. म्हणून एकदाच भरपूर रंग ओतण्यापेक्षा अर्ध्या-एक तासाच्या अंतराने तीन-चार पातळ थर देणे चांगले. जाड थेंब वरून वाळतो आणि आत ओला राहतो. रंग भोवतीच्या पातळीच्या किंचित खाली आला की थांबावे, एक दिवस जाऊ द्यावा आणि उरलेली जागा क्लिअर कोटने भरावी. क्लिअर मात्र केसभर वर राहिला तरी हरकत नाही.

पुष्कळांनी खरे तर येथेच थांबावे. वर आलेला थेंब सपाट करायचा असल्यास निदान आठवडाभर थांबून 2000 व नंतर 3000 नंबरचा वॉटर पेपर, साबणाचे पाणी लावून, लहानशा सपाट ठोकळ्यावर गुंडाळून, फक्त थेंबावर फिरवतात. मग रबिंग कंपाउंड आणि पॉलिश. भोवतीचा क्लिअर कोट 50 मायक्रॉनचाही नसतो हे विसरून दाब दिला तर टवक्यापेक्षा मोठे नुकसान होते. पॅनेलच्या कडांवर आणि घड्यांवर थर आणखी पातळ असतो, तेथे घासूच नये. मेण महिनाभराने लावावे.

क्लिअर कोट नसलेल्या एकथरी रंगाच्या जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत. पांढऱ्या गाडीवर गडद, इतर गाड्यांवर पांढरे फडके घेऊन त्याने थोडे पॉलिश घासावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग एकथरी आहे आणि क्लिअरची गरज नाही.

हवामान

रंग भरण्यासाठी गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. उन्हात तापलेल्या बॉनेटवर थेंब पसरण्याआधीच वरून वाळतो. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार होऊन त्यावर बाष्प धरते व क्लिअर पांढुरका, धुरकट होतो. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दव सुकल्यानंतरची सकाळ महाराष्ट्रात या कामाला सर्वांत अनुकूल. पण जुलैत पडलेला टवका दिवाळीपर्यंत उघडा ठेवणे हा मोठा अपराध ठरेल. पावसाची उघडीप साधून जागा कोरडी करावी आणि प्रायमरचा थेंब लावून ठेवावा. तोही हाताशी नसेल तर पारदर्शक नेलपॉलिश तात्पुरते चालते. त्यात मुख्यतः नायट्रोसेल्युलोज असते आणि 1920 च्या दशकात मोटारींवर आलेल्या ‘ड्यूको’ या प्रसिद्ध रंगाचा आधारही तोच होता. मात्र पक्की दुरुस्ती करताना हे नेलपॉलिश पूर्ण काढावे लागते.

मर्यादा

नखापेक्षा मोठा टवका, पोचा पडलेला पत्रा, रंगाखाली पसरलेला गंज आणि एकाच ठिकाणी दाट पडलेले टवके घरच्या कामाच्या कक्षेबाहेरचे आहेत. काही नव्या गाड्यांत पुढच्या बंपरमागे रडार असतो. त्याच्यासमोर रंगाचे जाड थर चढवल्यास त्याच्या कामात अडथळा येऊ शकतो. काचेवरचा टवका ही वेगळी गोष्ट आहे, त्यात रेझिन भरतात. हार्डनर (थर कडक करणारे द्रव्य) मिसळून लावायचा दोन घटकांचा क्लिअर अधिक टिकाऊ असतो, पण हार्डनरमधील आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क त्यापासून वाचवत नाही, तेव्हा घराच्या पार्किंगमध्ये त्याचा फवारा मारू नये.

विम्यातून टवके दुरुस्त करणे सहसा परवडत नाही. दाव्यात 1500 सीसीपर्यंतच्या गाडीचे पहिले 1000 रुपये व त्यापुढच्या गाडीचे 2000 रुपये मालकानेच सोसायचे असतात. शिवाय दावा केल्यावर 20 ते 50 टक्क्यांपर्यंत साठलेला नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. दुसरीकडे गॅरेजवाला एका टवक्यासाठी पूर्ण बॉनेट रंगवू म्हणतो तेव्हा तो फसवत असतोच असे नाही. फवाऱ्याने मारलेल्या रंगाची सीमा पॅनेलच्या मध्येच लपवता येत नाही, म्हणून त्याला कडेपर्यंत जावे लागते. पण त्यात कारखान्याचा भट्टीतला थर घासला जातो. दहा-बारा बारीक ठिपके असलेले मूळ रंगाचे बॉनेट नव्याने रंगवलेल्या बॉनेटपेक्षा बहुधा जास्त टिकते, आणि जुनी गाडी घेणारा जाणकारही मूळ रंगच शोधतो.

उरलेल्या बाटलीचे तोंड पुसून झाकण घट्ट लावावे, वर कोड व तारीख लिहावी आणि ती घरातल्या गार कपाटात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. गाडीत ठेवलेली बाटली उन्हाने दाट होते, आणि दाट झालेला रंग काडीच्या टोकावरून खळग्यात उतरत नाही.