अपडेटनंतर प्रिंटर चालेना: चूक झाली की सपोर्टच काढला?

ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट केली आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा प्रिंटर अडून बसला, की 'अपडेटने वाट लावली' असं म्हणून आपण मोकळे होतो. पण वाट दोन प्रकारे लागते. एकतर नव्या कोडमध्ये चूक राहिलेली असते, नाहीतर कंपनीने सपोर्ट मुद्दाम काढलेला असतो. नेमकं काय झालंय हे आधी ओळखा, कारण चूक असेल तर चार दिवस थांबण्यात अर्थ आहे. सपोर्ट गेला असेल तर नाही.

मार्च २०२१ मध्ये विंडोज १०चं मासिक अपडेट आलं आणि काही प्रिंटरना प्रिंट दिली की कॉम्प्युटरच निळा स्क्रीन दाखवून बंद पडू लागला. ही सरळसरळ चूक होती. आठवड्याभरातच मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीचं वेगळं अपडेट काढलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या मॅकओएस कॅटालिनाचं, म्हणजे अ‍ॅपलच्या कॉम्प्युटरसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्या आवृत्तीचं, तसं नव्हतं. तिच्यावर ३२ बिटची, म्हणजे जुन्या पद्धतीने बनवलेली, अ‍ॅप्स उघडतच नाहीत. स्कॅनर धडधाकट असला तरी त्याचं सॉफ्टवेअर ३२ बिटचं आणि बनवणाऱ्याने नवं काढलेलं नाही, तर कितीदाही इन्स्टॉल करा, उपयोग शून्य. अ‍ॅपलने २०१८ पासूनच अशी अ‍ॅप्स उघडताना इशारा दाखवायला सुरुवात केली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. सपोर्ट काढायचाच असेल, तर वापरणाऱ्याला ते त्याच्या स्क्रीनवर, वेळेत कळायलाच हवं.

खरा घोळ होतो तो सुरक्षेसाठी केलेल्या बदलांमुळे. विंडोजच्या प्रिंटिंगमधली 'प्रिंटनाइटमेअर' ही सुरक्षेची त्रुटी सापडल्यानंतर ऑगस्ट २०२१ च्या विंडोज अपडेटने प्रिंटर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) टाकण्याचा अधिकार फक्त अ‍ॅडमिनपुरता, म्हणजे कॉम्प्युटरचे पूर्ण अधिकार असलेल्यापुरता, ठेवला. ऑफिसांमधले नेटवर्क प्रिंटर अचानक अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागू लागले. दिसायला बिघाड, पण होता निर्णय. असं अपडेट वैतागून काढून टाकलं, तर बुजवलेलं भोक पुन्हा उघडतं. त्यापेक्षा अ‍ॅडमिनकडून ड्रायव्हर टाकून घेतलेला बरा.

ओळखायचं कसं? मायक्रोसॉफ्ट विंडोजमधल्या माहीत असलेल्या अडचणींची आणि काढून टाकलेल्या सुविधांची वेगवेगळी यादी ठेवते. तुमची तक्रार पहिल्या यादीत सापडली तर दुरुस्तीची वाट पाहा. दुसऱ्या यादीत असेल तर नवा ड्रायव्हर किंवा पर्यायी सॉफ्टवेअर शोधायला लागा. आवृत्तीच बदलली असेल, तर विंडोज १० आणि ११ मध्ये मागे जाण्याची मुदत एरवी १० दिवसांचीच असते, तेव्हा हा शोध पहिल्याच दिवशी घ्या.