घरच्या दात्याकडून किडनी प्रत्यारोपण: कोण पात्र, कोणते कागद, आणि फाइल कुठे अडते

किडनी द्यायला घरातलं माणूस तयार आहे, रक्तगट जुळला आहे, डॉक्टरांचा होकार आहे, तरी शस्त्रक्रियेची तारीख मिळत नाही, असं बऱ्याच कुटुंबांच्या वाट्याला येतं. अडचण अनेकदा कागदांची असते आणि तोवर रुग्णाचं डायलिसिस चालूच राहतं. हा उशीर महागात पडतो. डायलिसिसचा काळ लांबतो तसा हृदयावरचा आणि रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढतो, आणि पुढे बसवलेली किडनी किती टिकेल यावरही त्याचा परिणाम होतो. म्हणून सगळ्या तपासण्या उरकण्याची वाट बघू नका. दात्याचं नाव नक्की झालं की त्याच आठवड्यात कागद गोळा करायला लागा.

कायद्याच्या लेखी ‘जवळचा नातेवाईक’ कोण

१९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा, त्यातली २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांवर ही सगळी प्रक्रिया उभी आहे. पती-पत्नी, मुलगा-मुलगी, आई-वडील, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक. २०११ च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. दाता १८ वर्षांवरील हवा.

यादी इथेच संपते, आणि पहिला घोळ इथेच होतो. सासू, सासरे, वहिनी, मेहुणा, जावई, काका, मामा, मावशी, आत्या, भाचा, पुतण्या, चुलतभाऊ, मावसभाऊ ही सगळी आपल्या लेखी घरचीच माणसं, पण कायद्याच्या लेखी ‘जवळचे नातेवाईक नसलेले’ दाते. त्यांना किडनी देता येते, मात्र प्राधिकार समितीची, म्हणजे व्यवहार पैशांचा नाही ना हे तपासणाऱ्या कायदेशीर समितीची, मंजुरी लागते. जवळच्या नातेवाइकाला रुग्णालयाचे प्रमुख किंवा त्यांनी नेमलेली समिती मंजुरी देऊ शकते. तेव्हा आई आणि वहिनी दोघीही वैद्यकीयदृष्ट्या योग्य असतील, तर कागदांच्या दृष्टीने आईचा मार्ग बराच सोपा आहे.

कागद

दाता आणि रुग्ण यांनी मिळून करायचा अर्ज म्हणजे नमुना ११. दात्याची संमती नातं बघून वेगवेगळ्या नमुन्यात: रक्ताच्या जवळच्या नातेवाइकासाठी नमुना १, पती-पत्नीसाठी नमुना २, इतरांसाठी नमुना ३. दात्याच्या वैद्यकीय पात्रतेचा दाखला नमुना ४ मध्ये डॉक्टर देतात. संमतीचे नमुने नोटरीसमोर शपथेवर करायचे असतात आणि सही नोटरीच्या रजिस्टरमध्येही व्हावी लागते. तयार कागदावर नुसता शिक्का मारून आणला, दाता नोटरीपुढे गेलाच नाही, तर असा कागद परत येतो. तो परत यायलाच हवा, कारण दाता स्वखुशीने देतो आहे याचा तोच पहिला पुरावा असतो.

नात्याच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, तहसीलदार, उपविभागीय दंडाधिकारी किंवा सरपंच यांचा नात्याचा दाखला, मतदार ओळखपत्र, आधार यांचा उपयोग होतो. ओळख आणि पत्त्यासाठी रेशनकार्ड, पासपोर्ट, वाहन परवाना, पॅन, बँक पासबुक. शिवाय दाता, रुग्ण आणि आणखी एक जवळचा नातेवाईक एकत्र दिसतील असा कौटुंबिक फोटो. बरीच रुग्णालयं वंशावळीचं प्रतिज्ञापत्रही मागतात. कागदांवरून नात्याची खात्री पटली नाही तर डीएनए तपासणी सांगितली जाते.

सर्वाधिक अडते ती बहिणीची फाइल. भावाला किडनी देणाऱ्या विवाहित बहिणीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि भावाच्या कागदांवर वडिलांचं नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेलं. ‘पांडुरंग’ आणि ‘पांडूरंग’, आडनाव ‘पाटील’ की गावावरून घेतलेलं, जन्मतारखेत एका वर्षाचा फरक: तपासणाऱ्याला यातली एकही गोष्ट सोडून देता येत नाही. दोन नावं जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. लग्नाची नोंदणी झाली नसेल तर ती आता करून घ्या. नाव अधिकृतपणे बदललं असेल तर राजपत्राची प्रत लावा. आधारमधली दुरुस्ती सर्वांत आधी टाका, तिला वेळ लागतो. सगळे कागद एका टेबलावर मांडून प्रत्येकावरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता एका कोऱ्या कागदावर ओळीने उतरवून काढा. फरक लगेच दिसतात.

पती-पत्नीच्या बाबतीत लग्न खरं आहे का आणि किती वर्षांचं आहे, हे तपासलं जातं. विवाह प्रमाणपत्र, लग्नातले फोटो, मुलांची संख्या आणि वयं, आई-वडिलांची नावं असलेले मुलांचे जन्मदाखले, सगळ्या कुटुंबाचा फोटो, हे सारं फाइलमध्ये लागतं. काही जणांना हे अपमानास्पद वाटतं. पण २०२२ मध्ये पुण्यात उघड झालेल्या प्रकरणात, पैशांचं आमिष दाखवून एका बाईला रुग्णाची पत्नी म्हणून उभं केल्याचा आरोप झाला होता. प्रश्न विचारले जातात ते अशा बाईला वाचवण्यासाठी. दाता स्त्री असेल तर तिची ओळख आणि तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असं नियमच सांगतो. घरच्यांनी तिच्या वतीने उत्तरं देऊ नयेत.

प्राधिकार समितीसमोर

वर्षाला २५ किंवा त्याहून जास्त प्रत्यारोपणं करणाऱ्या रुग्णालयाची स्वतःची समिती असते. इतरांची प्रकरणं शासनाच्या समितीकडे जातात. दाता आणि रुग्ण यांचं नातं किंवा ओळख काय, तो किडनी का देतो आहे, पैशांचा व्यवहार किंवा मध्यस्थ आहे का, हे समिती बघते. दोघांच्याही व्यवसायाचा आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो. शेतकरी किंवा मजूर दात्याकडे आयकर विवरणपत्र नसतं, म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला तीन वर्षांचा मागून घ्या. एकाच वर्षाचा आणला म्हणून खेप वाया जाते. दोघे एकत्र असलेले जुने फोटो लागतात, आणि दात्याच्या जवळच्या नातेवाइकाशीही समिती बोलते. तो मुलाखतीला हजर नसेल तर पुढची तारीख मिळते.

नकार मिळाला तर ३० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं, म्हणून नकाराचं कारण लेखी घ्या. अवयवाची खरेदी-विक्री सिद्ध झाल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे.

दाता जवळचा नातेवाईक नसेल आणि तो किंवा रुग्ण दुसऱ्या राज्यातला असेल तर रहिवासाच्या पडताळणीचा नमुना २० लागतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भावाने इथे येऊन बहिणीला किडनी द्यायची ठरवली, तर सख्खं नातं असूनही प्रकरण प्राधिकार समितीपुढेच जातं आणि नात्याचा दाखला त्याच्या देशाच्या दूतावासाकडून, नमुना २१ मध्ये लागतो.

तपासण्यांचं वेळापत्रक

रक्तगट, एचएलए (दोघांच्या पेशी किती जुळतात ते बघणारी), क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, आहेत का ते बघणारी), दात्याच्या किडनीची कार्यक्षमता आणि सीटी अँजिओग्राफी या मुख्य तपासण्या. अँजिओग्राफीत किडनीला धमन्या किती आणि कशा फुटल्या आहेत ते कळतं. नवी किडनी रुग्णाच्या ओटीपोटात बसवून तिथल्या मोठ्या धमनीला आणि शिरेला जोडतात, त्यामुळे जितक्या जास्त धमन्या तितकी जोडणी किचकट. डावी किडनी सहसा पसंत करतात, कारण तिची शीर लांब असते. क्रॉसमॅच मात्र शस्त्रक्रियेच्या तोंडावर पुन्हा करावा लागतो. मधल्या काळात रुग्णाला रक्त चढवलं तर नवी प्रतिपिंडं तयार होऊन आधी जुळलेला दाता बाद होऊ शकतो. रक्त चढवण्याआधी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना विचारा.

प्रतीक्षायादीत नाव घालाच

घरचा दाता असला तरी, किंवा त्याची पात्रता अजून ठरायची असली तरी, मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवण्याबद्दल रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाशी बोला. ऐनवेळी दाता बाद झाला तर सुरुवात शून्यापासून करावी लागत नाही. नोंदणी रुग्णालयामार्फतच होते. यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय समिती, म्हणजे झेडटीसीसी सांभाळते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे या समित्या आहेत. २०२३ मध्ये केंद्राने रहिवासाची अट आणि ६५ वर्षांची वयोमर्यादा काढली आणि नोंदणीशुल्क घेऊ नये असं राज्यांना सांगितलं. क्रम ठरवताना डायलिसिसचा काळ मोजतात, फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) बंद पडून रक्तवाहिनीची जागाच उरली नसेल तर तेही धरतात. म्हणून पहिल्या डायलिसिसची पावती आणि फिस्टुलाचे सगळे शस्त्रक्रिया-कागद जपून ठेवा.

पैसे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. रुग्णालय योजनेत आहे का ते दाता ठरवतानाच विचारा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी १ लाख ६० हजारांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशनकार्ड आणि प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी झेडटीसीसीची नोंदणी पावती लागते. अर्ज शस्त्रक्रियेच्या आधी गेला पाहिजे, कारण भरून टाकलेल्या बिलाची भरपाई इथे मिळत नाही. दाता केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर त्याला ४२ दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा आहे; ती शासकीय किंवा सरकारमान्य डॉक्टरांच्या शिफारशीवर मिळते.