घरच्या घरी ग्लेझ डोनट : यीस्ट नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

पावसाळा लागला की आमच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते: “तुमचं यीस्ट खराब निघालं, डोनट फुगलेच नाहीत.” पाकीट घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर तपासतो. अर्धी वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाकून दहा मिनिटं ठेवायचं. वर दाट फेस आला तर यीस्ट जिवंत आहे, नाही आला तर पाकीट बदलून देऊ. बहुतेक वेळा फेस येतोच. घोटाळा यीस्टमध्ये नसतो, घरातल्या गारठ्यात असतो. ते समजावून सांगायला हा कागद छापलाय.

इंटरनेटवरच्या पाककृतीत “एक तास झाकून ठेवा” असं लिहिलेलं असतं. तो तास कुठल्या गावातला, हे कोणी लिहीत नाही. बेळगावात एप्रिल-मे महिन्यात पीठ पाऊण तासात दुप्पट होतं. जुलै-ऑगस्टच्या झडीत त्याच पिठाला दीड-दोन तास लागतात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी त्याहूनही जास्त. खानापूरकडच्या कौलारू घरात तर विचारूच नका. तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि पिठाकडे बघा. दुप्पट झालं का? बोट हलकेच दाबलं तर खळगा सावकाश, अर्धवट भरून येतो का? येत असेल तर पीठ तयार. खळगा झटकन भरला तर अजून थांबा. भरलाच नाही आणि पीठ खाली बसलं तर वेळ जास्त झाली.

साहित्य (१४-१५ डोनटचं)

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम (सव्वादोन सपाट छोटे चमचे), साखर ६० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम, कोमट दूध २६० मिली, एक अंडं, मऊ बटर ६० ग्रॅम. तळायला तेल.

अंडं न चालणारी घरं आपल्याकडे भरपूर, शिवाय श्रावण. अशा वेळी अंडं वगळा, दूध ३०० मिली करा आणि दोन मोठे चमचे दूध पावडर घाला. रंग थोडा फिका येतो, डोनट मात्र मऊच होतो.

साखर वाढवू नका. पीठ चाखून “गोड नाही” म्हणत साखर दुप्पट करणारी मंडळी दर आठवड्याला भेटतात. जास्त साखर पिठातलं पाणी ओढून घेते, यीस्ट मंदावतं, आणि कढईत गेल्यावर डोनट आतून शिजायच्या आत बाहेरून काळा पडतो. गोडी वरच्या ग्लेझमधून मिळणारच आहे.

आमच्याकडे यीस्ट दोन तऱ्हेचं मिळतं. बारीक दाण्याचं इन्स्टंट थेट मैद्यात मिसळतात. जाड दाण्याचं ॲक्टिव्ह ड्राय आधी कोमट दुधात भिजवावं लागतं आणि ते पाव पट जास्त, म्हणजे ७ ऐवजी साधारण ९ ग्रॅम लागतं. पाकिटावर कुठलं ते लिहिलेलं असतं, पण घरी नेऊन डब्यात ओतलं की कोणाला आठवत नाही. डब्यावर चिठ्ठी लावा. फोडलेलं यीस्ट हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये ठेवा. गॅसशेजारच्या मसाल्याच्या फळीवर ठेवलं तर ते लवकर मरतं.

दूध ३८ ते ४० अंशांचं हवं. बोट बुडवलं तर ऊब जाणवावी, चटका बसू नये. ५५-६० अंशांच्या वर यीस्ट मरतं. उकळलेलं दूध घाईघाईनं ओतणाऱ्यांचं पीठ मग रात्रभर ठेवलं तरी हलत नाही.

मळणं

बटर सोडून सगळं एकत्र करा, पाच मिनिटं मळा, मग बटर थोडं थोडं घाला. बटर घातल्यावर पीठ एकदम चिकट होतं, हाताला, परातीला, बांगड्यांना लागतं. नेमका इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि मूठभर मैदा वर पडतो. तो टाकू नका. आणखी आठ-दहा मिनिटं मळत राहिलात तर चिकटपणा आपोआप जातो आणि पीठ गुळगुळीत होतं. कोरडा मैदा घालून सोपं केलेलं पीठ डोनटऐवजी पावासारखं घट्ट होतं.

पीठ झालं का ते ओळखायची खूण बेळगावकरांना शिकवायची गरज नाही. मांडे करणाऱ्या बायका पीठ हातावर कसं पसरवत नेतात ते आपण लग्नघरात पाहिलंय. लिंबाएवढा गोळा घेऊन तसाच बोटांनी ताणा. न फाटता इतका पातळ झाला की पलीकडचा उजेड दिसतो, तर मळणं पुरे. मधेच तुटला तर अजून चार मिनिटं.

फुगवणं

भांडं कुठे ठेवता त्यावर सगळं अवलंबून आहे. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा आणि शहाबादी फरशी पावसाळ्यात बर्फासारखी गार असते, ती भांड्याच्या बुडातून ऊब खेचून घेते. खाली लाकडी पाट किंवा घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा. त्याहून चांगली जागा म्हणजे बंद ओव्हन. तो चालू करायचा नाही, आत एका बाजूला कढत पाण्याचं पातेलं ठेवायचं आणि दार लावायचं. पाणी गार झालं की बदला. ओव्हन नसेल तर मोठा रिकामा डबा किंवा आइस बॉक्सही चालतो. नुसतं ब्लँकेट गुंडाळून फारसं काही होत नाही, कारण पिठाला स्वतःची ऊब थोडीच असते. आणि पेटलेल्या गॅसजवळ ठेवू नका, एक बाजू शिजते.

घाई नसेल तर रात्री मळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी लाटा. आम्हाला हीच पद्धत आवडते. चव चांगली येते, गार पीठ लाटायला नेटकं जातं आणि पाहुणे यायच्या दिवशीची धावपळ वाचते.

लाटताना अर्धा इंच जाडी ठेवा. कटर नसेल तर आठ सेंटिमीटरचं डब्याचं झाकण आणि मधल्या भोकाला बाटलीचं बूच. कटर दाबून सरळ वर उचला, फिरवू नका. फिरवलं की कड मुडपते आणि डोनट तिरका फुगतो. भोक शोभेसाठी नसतं, भोक नसलं तर बाहेरची बाजू लाल होईपर्यंत मधला भाग कच्चा राहतो. कापलेला प्रत्येक डोनट बटर पेपरच्या छोट्या चौकोनावर ठेवा आणि झाकून पुन्हा फुगू द्या. उन्हाळ्यात अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण ते एक तास.

तळणं

तेल १७५ ते १८० अंश. थर्मामीटर आमच्याकडे आहे, पण घेतलाच पाहिजे असं नाही. उलथ्या लाकडी चमच्याचं टोक तेलात बुडवा. भोवती बारीक बुडबुडे सतत येत राहिले की तेल तयार. बुडबुडे आलेच नाहीत तर तेल थंड आहे, अशात डोनट तेल पितो. धूर दिसला तर गॅस बंद करून थांबा.

फुगलेला डोनट हातात उचलला की बसतो. म्हणून कागदासकट, कागद वरच्या बाजूला ठेवून, अलगद तेलात सोडा. काही क्षणांत कागद सुटतो, तो चिमट्यानं काढा. एका वेळी दोन किंवा तीनच, नाहीतर तेल गार होतं. एक ते दीड मिनिट एका बाजूला, तितकंच दुसऱ्या बाजूला. कमरेभोवती फिकट पांढरा पट्टा राहिला तर ओळखा की डोनट नीट फुगला होता आणि तेलावर हलका तरंगला. पट्टा नाही म्हणजे डोनट जड होता, पुढच्या वेळी जास्त वेळ फुगवा.

सूर्यफुलाचं तेल बरं. शेंगदाणा तेलाचा वास व्हॅनिलावर मात करतो, आणि वनस्पती तूप गार झाल्यावर जिभेवर थर धरतं.

ग्लेझ

पिठीसाखर २५० ग्रॅम, कोमट दूध ६० मिली, मोठा चमचाभर वितळलेलं बटर, चिमूटभर मीठ, व्हॅनिलाचे थेंब. वेलची आणि केशर घातलं तर आम्हाला जास्त आवडतं. गुठळी राहता कामा नये, साखर चाळून घ्या. दुकानातल्या आयसिंग शुगरमध्ये थोडा कॉर्नफ्लोअर असतो, म्हणून ती नीट सुकते. घरी दळलेल्या साखरेत शंभर ग्रॅमला छोटा चमचाभर घाला.

डोनट तेलातून काढल्यावर एक-दोन मिनिटांत, गरम असतानाच बुडवा, जाळीवर ठेवा आणि खाली ताट ठेवा. पातळ, पारदर्शक पापुद्रा बसतो. गार डोनटवर तोच ग्लेझ जाड आणि पांढरा दिसतो.

पावसाळी हवेत पापुद्रा सुकायला वेळ लागतो, कधी सुकल्यावरही पाणी सुटतं. साखर हवेतला ओलावा ओढते, त्याला यीस्टही जबाबदार नाही आणि आम्हीही नाही. पंख्याखाली ठेवा, डब्यात झाकू नका, फ्रीजमध्ये तर अजिबात नको. त्याच दिवशी संपवा.

काही ग्राहक भोक न पाडता गोल डोनट तळतात आणि आत कुंदा भरतात. प्रयोग बरा लागतो, पण मग वर ग्लेझ नको. चांगला कुंदा असताना त्याच्यावर साखर चढवणं आम्हाला पटत नाही.

बेकिंग पावडर किंवा सोडा घालून हेच डोनट होतील का, असं विचारतात. नाही. त्याचे केकसारखे डोनट होतात, ते वेगळे, आणि त्यांची कृती वेगळी.

हा कागद कन्नडमध्येही काउंटरवर आहे, शेजारच्यांसाठी घेऊन जा. निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांनी यीस्ट उन्हात गाडीत ठेवू नये. सोमवारी दुकान बंद असतं.